चार्ज घेतल्यावर आधी वॉचमनला भेटा

विद्यार्थी विकास अधिकारी म्हणून नेमणुकीचं पत्र बहुतेक वेळा अशा माणसाच्या हातात पडतं, ज्याने ते मागितलेलं नसतं. मी भूगोल शिकवत होते. प्राचार्यांनी बोलावलं आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही मुलांच्यात मिसळता, तुम्हाला जमेल." झाली निवड. त्याआधी नऊ वर्षं मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. नंतर कॉलेजची विद्यार्थी विकास अधिकारी झाले, आणि नोकरीची शेवटची वर्षं विद्यापीठात याच विभागाची संचालक. २०२४ मध्ये निवृत्त झाले. आता नव्याने चार्ज घेतलेले लोक फोन करतात आणि जवळजवळ सगळे एकच विचारतात, "मॅडम, युवक महोत्सवाचं कसं करायचं?"

युवक महोत्सवाचं होतं हो. ढोल वाजतात, फोटो निघतात, कुणी ना कुणी धावपळ करतंच. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यात या खात्याचं नाव 'विद्यार्थी कल्याण' होतं, २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमात ते 'विद्यार्थी विकास' झालं. पाटी बदलली, पण लोकांच्या डोक्यात हे खातं म्हणजे अजून स्नेहसंमेलन, ट्रॉफ्या आणि पाहुण्यांचे हारच. या खुर्चीवरच्या माणसाची परीक्षा होते ती एखाद्या मंगळवारी रात्री पावणेबाराला. बातमी तुमच्यापर्यंत वेळेत येते का? आली तर त्यातलं आपलं काम कोणतं आणि आपण हात लावायचा नाही असं कोणतं, हे कळतं का? आणि सकाळी ते कागदावर असतं का? मला हे शिकायला बरीच वर्षं लागली, आणि मधल्या काळात काही मुलांना त्याची किंमत मोजावी लागली. तुम्ही पहिल्या वर्षातच शिका.

पहिले आठ दिवस

चार्ज घेतला की प्राचार्यांच्या केबिनमध्ये चहा होतो. तो घ्या आणि मग गेटवर जा. रात्रपाळीच्या वॉचमनमामांना भेटा, मेसच्या मावशींना भेटा. शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळणारे क्लार्क, गेटसमोरचा झेरॉक्सवाला, कॉट बेसिसवर मुलं ठेवणारी आसपासची दोन-चार घरं, जवळचा डॉक्टर आणि पोलीस ठाण्यातला ड्यूटीवरचा अंमलदार, हे सगळे त्या आठवड्यात उरकायचे. प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारायचे: "गेल्या वर्षभरात असं काय झालं, जे आम्हाला उशिरा कळलं?"

झेरॉक्सवाल्याला कुणाचे फॉर्म परत आलेत ते ठाऊक असतं. मावशींना कोण जेवत नाही ते ठाऊक असतं. एकदा आमच्या मावशी भांडी घासता घासता म्हणाल्या, "ती ११ नंबर खोलीतली पोरगी तीन दिस झालं ताट घेती आन् तसंच टाकती." मी संध्याकाळी खोलीवर गेले. ट्रंक भरून तयार होती. घरची द्राक्षबाग अवकाळीने गेलेली, वडिलांनी फोनवर नुसतं "बघू" म्हटलेलं, आणि पोरीने स्वतःच ठरवून टाकलेलं की शिक्षण संपलं. फीचे तीन हप्ते करून घेतले, कमवा आणि शिका योजनेत ग्रंथालयात काम दिलं, विषय संपला. ती आज माध्यमिक शाळेत शिकवते. माझ्या हजेरीपटावर त्या तिन्ही दिवशी ती 'हजर' होती, हेही सांगून ठेवते.

वॉचमनमामांना तीन गोष्टी स्पष्ट सांगायच्या. कुणी रात्री परतलं नाही, कुणी एकटंच गच्चीवर किंवा विहिरीकडे गेलं, किंवा गेटवर बाहेरचं टोळकं जमलं, तर कितीही वाजलेले असोत, फोन करायचा. आणि तुम्ही स्वतःला एक सांगायचं: फोन फुकट ठरला तरी ओरडायचं नाही. "एवढ्यासाठी उठवलंत होय?" असं एकदा म्हणालात की पुढचा फोन येणार नाही. माझ्या आधीचे रेक्टर ओरडायचे, म्हणून मामांनी सवयच सोडली होती. ती परत लावायला मला सहा महिने लागले.

याच आठवड्यात गच्चीच्या कुलपाच्या किल्ल्या मोजा. आमच्याकडे रजिस्टरवर दोन होत्या, प्रत्यक्षात पाच निघाल्या. एक तर मेसच्या मसाल्याच्या डब्यात.

वही

सॉफ्टवेअर असेल तर असू द्या, पण स्वतःची एक लांब, दोनशे पानी वही करा. तारीख आणि वेळ, कुणी सांगितलं, काय सांगितलं ते त्याच्याच शब्दांत, मी काय केलं, आणि पुढची तारीख. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. "लक्ष ठेवणे" असं त्यात लिहायचं नाही, "गुरुवार १४, मुलाला भेटणे" असं लिहायचं. मी दर बुधवारी दुपारी वही उघडून फक्त हा रकाना वाचायचे.

नाजूक प्रकरणात वहीत नाव नको. क्रमांक लिहा, नाव बंद पाकिटात, पाकीट कुलपाच्या कपाटात. आणि मत लिहू नका. एका जुन्या रजिस्टरात मला एका मुलीबद्दल 'स्वभाव चंचल' असा शेरा सापडला होता. तक्रार तिनेच केली होती, आणि तपासात कुणाच्या तरी हाती तो शेरा लागला असता तर तिच्याविरुद्धच वापरला गेला असता. "रडत होती", "हात थरथरत होते", "दोन वाक्यं बोलून गप्प झाली" हे लिहा, कारण ते तुम्ही पाहिलंय.

लेखी तक्रार आली की त्याच दिवशी आवक क्रमांक पडला पाहिजे, आणि शिक्का मारलेली पोच मुलाच्या हातात गेली पाहिजे. कार्यालयात यावर कुरकुर होते. "मॅडम, आधी बघू तरी, मग नंबर टाकू." यामागे आळस नसतो. नंबर पडला की दिवस मोजायला लागतात, हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

कपाटाच्या दाराला चिकटवलेला कागद

ते दिवस कुठले, हे मी एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलं होतं. तुम्हीही चिकटवा.

रॅगिंग. हिमाचलमधल्या वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरूचा मार्च २००९ मध्ये रॅगिंगमुळे मृत्यू झाला, आणि त्याच वर्षी यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, विनियम आले. त्यानुसार माहिती मिळाल्यावर फौजदारी गुन्हा दिसत असेल तर संस्थाप्रमुखाने २४ तासांत एफआयआर दाखल करायचा. आपल्या राज्याचा कायदा त्याहून दहा वर्षं जुना, १९९९ चा. त्यात तक्रार आल्यापासून सात दिवसांत चौकशी, प्रथमदर्शनी तथ्य आढळलं तर निलंबन आणि तक्रार पोलिसांकडे, असं सांगितलंय. आणि एक कलम प्राचार्यांना मोठ्याने वाचून दाखवण्यासारखं आहे: प्रमुखाने कारवाई टाळली तर त्याने गुन्ह्याला साथ दिली असं धरलं जातं. एरवी "समज देऊन सोडू" म्हणणारे प्राचार्य हे वाचल्यावर सरळ बसतात. १८००-१८०-५५२२ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मुलाने फोन केला तर तक्रार संस्थेला मेलवर येते. तो मेल कुणाच्या संगणकावर उघडतो आणि तो माणूस रजेवर असला तर कोण बघतो, याची आजच चौकशी करा.

याच विनियमांत पहिल्या तीन महिन्यांत दर पंधरवड्याला नाव न घेता नवीन मुलांची पाहणी करायला सांगितलं आहे. बहुतेक ठिकाणी ती वर्षअखेरीस एका बैठकीत कागदावर 'होते'. मी जेवणानंतर करायचे. जुन्या प्रश्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी, पेन्सिल, आणि मेसच्या मावशींकडे एक डबा. प्रश्न दोनच. तुम्हाला नको असलेलं काही करायला लावलं का? कुठे? त्यातल्या 'कुठे'ने मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या कार्यशाळेने नाही. एका वर्षी तीन पंधरवडे एकच उत्तर येत राहिलं: दुसऱ्या मजल्यावरचा वॉटर कूलर. पहिल्या वर्षाच्या पोरांना पाणी आणायला तिसऱ्या वर्षाच्या पॅसेजमधून जावं लागत होतं, आणि तिथला दिवा गेलेला होता. "इंट्रो" तिथेच चालायचा. दोन मुलांवर कारवाई झाली ती झालीच, पण तळमजल्यावर वेगळा कूलर बसवल्यावर पुढची दोन वर्षं त्या प्रश्नाला 'कुठे' उरलं नाही.

लैंगिक छळाच्या तक्रारीबद्दल बोलताना माझी चूक सांगावी लागेल. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल येऊन दहाएक वर्षं झालेली, पण मला त्याबद्दल वर्तमानपत्रापलीकडे काही माहीत नव्हतं. एका मुलीने तक्रार आणली. मी मुलाला बोलावलं, दोघांना समोरासमोर बसवलं, त्याच्याकडून माफीनामा लिहून घेतला, तिला "आता विसरून जा बाळ" म्हटलं. आणि घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं की आज एक प्रकरण छान हाताळलं. महिन्याभराने मुलगी टीसी घ्यायला आली. माझ्याकडे आलीच नाही, खिडकीवरूनच घेऊन गेली. तिच्या मैत्रिणीकडून कळलं की पोरगा कॅन्टीनमध्ये सांगत फिरत होता, मॅडमनी मिटवलं म्हणून.

आता २०१३ चा कायदा आहे, यूजीसीचे २०१५ चे विनियम आहेत, तरी केबिनमध्ये हेच चालतं. त्यामुळे नीट लक्षात ठेवा. तक्रार कॉलेजच्या 'अंतर्गत समिती'कडे जाते. घटनेपासून तीन महिन्यांत, आणि सबळ कारण असेल तर आणखी तीन महिन्यांपर्यंत. चौकशी ९० दिवसांत संपवायची. प्रकरणात विद्यार्थी असतील तर समितीवर विद्यार्थी प्रतिनिधीही असतात. तडजोडीचा मार्ग तक्रारदार मुलीने स्वतः मागितला तरच, आणि त्यात पैशाची देवाणघेवाण चालत नाही. यातलं तुमचं काम एवढंच: समिती आहे हे तिला सांगणं, लिहायला जड जात असेल तर मदत करणं, आणि तोवर तिची प्रॅक्टिकलची बॅच, वसतिगृहातली खोली, येण्याजाण्याची वेळ सुरक्षित करणं. "जरा आधी मी दोघांशी बोलून बघते" हे तुमचं काम नाही. तुम्ही कितीही प्रेमळ असा, ते तुमचं काम नाही.

आणि जन्मतारीख बघा. एकाच आवारात अकरावी-बारावी असते, आणि पदवीच्या पहिल्या वर्षालाही १७ वर्षांची मुलं असतात. १८ च्या आतल्या मुलामुलीवर लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पॉक्सोच्या, म्हणजे बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या, १९ व्या कलमाप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिथे तुमच्या समितीची वाट बघायची नसते.

बाकी फी, निकाल, कागदपत्रं, सवलती यांच्या तक्रारींसाठी २०२३ चे तक्रार निवारण विनियम आहेत. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, समाधान झालं नाही तर मुलाने विद्यापीठाच्या लोकपालाकडे जायचं. फीसाठी मूळ गुणपत्रिका अडकवून ठेवायला यूजीसीने २०१८ मध्येच मनाई केली आहे. तरी अडकवतात. असं दिसलं की तो परिपत्रकाचा कागद घेऊन लेखा विभागात स्वतः जा. फोनवर हे होत नाही.

महाडीबीटी

महाडीबीटी म्हणजे शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचं राज्य सरकारचं संकेतस्थळ. ज्येष्ठ पदावरचा माणूस म्हणतो, "शिष्यवृत्तीचं क्लार्क बघतात." मीही म्हणायचे. मग एका वर्षी क्लार्क बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि मी त्यांच्या लॉगिनच्या शेजारी खुर्ची टाकून तीन आठवडे बसले. तुम्ही कुणी रजेवर जायची वाट बघू नका, पहिल्याच वर्षी तीन दिवस तरी बसा. मूल शिकणार की घरी जाणार, याचा निकाल वर्गापेक्षा त्या पडद्यावर जास्त वेळा लागतो.

अर्ज मुलाकडून कॉलेजच्या क्लार्ककडे, तिथून प्राचार्यांच्या लॉगिनला, तिथून संबंधित विभागाच्या कार्यालयात, आणि शेवटी पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात. या वाटेवर अर्ज अडतो तो दोन-चार ठरलेल्या ठिकाणीच. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला मार्चअखेर संपलेला. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक नाव, आधारवर दुसरं. मधल्या वर्षाचा गॅप दाखला नाही. यापैकी काहीही असलं की अर्ज 'सेंड बॅक' होऊन मुलाच्या लॉगिनला पडून राहतो, आणि मुलाला वाटतं तो कॉलेजकडे आहे. म्हणून दर सोमवारी क्लार्ककडून दोन आकडे मागा: सेंड बॅक किती, आणि आपल्या लॉगिनला पंधरा दिवसांपेक्षा जुने किती. दुसरा आकडा शून्य नसेल तर मुलांना बोलायचा आपल्याला अधिकार नाही.

सगळ्यात चीड आणणारा प्रकार आधारच्या जोडणीचा. पैसे मुलाने फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जात नाहीत, आधार ज्या खात्याशी शेवटचा जोडला गेला त्यात जातात. एका मुलाची शिष्यवृत्ती 'जमा' दिसत होती आणि पासबुक कोरं. दीड महिना तो बँकेत खेटे घालत होता. शेवटी निघालं काय, तर गावातल्या दुकानात सिमकार्ड घेताना त्याच्या नकळत पेमेंट बँकेचं खातं उघडलं गेलं होतं, पैसे तिथे. आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती दोन मिनिटांत दिसते. आम्ही पुढच्या वर्षापासून प्रवेशाच्या रांगेतच ती तपासायला लागलो, एका टेबलावर एनएसएसची दोन पोरं आणि एक लॅपटॉप बसवून.

योजनांची नावं पाठ हवीत, कारण मुलं नाव घेऊन विचारत नाहीत, "मॅडम, काही मिळेल का" असं विचारतात. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार, आदिवासी मुलांसाठी स्वयं. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४०, आणि दोन्ही एकाच दिवशी येत नाहीत. मधल्या काळात लेखा विभाग मुलाला 'थकबाकीदार' म्हणून परीक्षेच्या फॉर्मपासून अडवतो. हे होणार हे दरवर्षी माहीत असतं, तेव्हा फॉर्म भरायच्या महिनाभर आधी प्राचार्यांच्या सहीचं पत्र तयार ठेवा. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या पात्र मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. गावात त्याचा अर्थ 'मुलींना सगळं फुकट' असा पोचला. आई-वडील मेसचे पैसे न घेताच येतात. प्रवेशाच्या दिवशी काय माफ आणि काय नाही, हे मराठीत एका पानावर छापून हातात द्या.

रात्रीचा फोन

एखाद्या मुलाबद्दल "तो काहीतरी करून घेईल" असा फोन आला तर एकट्याने जाऊ नका. एक माणूस मुलाजवळ, दुसरा फोनवर. खोलीतली गर्दी बाहेर काढा. मुलाला पाणी द्या, बसा, आणि सरळ विचारा: "जीव द्यावासा वाटतोय का?" हा प्रश्न विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवीन विचार घुसत नाही. उलट मी ज्यांना विचारलं त्यांतल्या बहुतेकांचे खांदे खाली आले, कुणीतरी तो शब्द एकदाचा उच्चारला म्हणून. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. "ज्यांना कळायलाच हवं, तेवढ्यांनाच सांगेन" असं म्हणा आणि तेवढंच करा. त्याला क्षणभरही एकटं सोडायचं नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात. जवळच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी असतात, आणि रात्री कोण असतं, हे तुम्ही आधीच विचारून ठेवलेलं हवं. घरी कुणाला कळवायचं ते त्यालाच विचारा. दर वेळी वडील हे उत्तर नसतं, मोठी बहीण किंवा मामा असतो.

आणि कुणी शिक्षक दारात उभं राहून "केस होईल तुझ्यावर" म्हणाला तर त्याला बाहेर न्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या ११५ व्या कलमात असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरलं आहे. धमकीचा तिथे संबंध नाही.

तुम्ही समुपदेशक नाही. मी भूगोलाची बाई, मला मान्सून समजतो, नैराश्य नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना निदान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलं आहे. तो निकाल जोडून प्रस्ताव टाका. "निधी नाही" असं उत्तर आलं तर तेही लेखी घ्या. तुमचं काम मुलाला त्या दारापर्यंत नेणं, आणि मग तिसऱ्या दिवशी, दहाव्या दिवशी, महिन्याने परत भेटणं. वहीतला शेवटचा रकाना यासाठीच.

पैसे आणि पूर

तसलमातीबद्दल, म्हणजे खर्चासाठी घेतलेल्या आगाऊ उचलीबद्दल, थोडक्यात. महोत्सवाला रोख उचल तुमच्या नावावर निघते आणि पावत्या विद्यार्थी प्रतिनिधींच्या खिशात राहतात. माझ्या नावावर अकरा हजारांची तसलमात तीन वर्षं लोंबकळली. मेकअपवाल्याने कच्ची पावती दिलेली, टेम्पोवाल्याने तीही नाही. शेवटी पगारातून कापून घेतले, आणि बरोबरच केलं. कार्यक्रम संपल्यावर आठ दिवसांत समायोजन, पावतीशिवाय पैसा नाही, आणि उचल घेणारा व खर्च मंजूर करणारा एकच माणूस नको.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला पूर आला तेव्हा आमच्याकडे त्या भागातली मुलं होती. टीव्हीवर सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी बघत पोरं मेसमध्ये जागी बसलेली. आम्ही काय केलं? बोनाफाइडच्या रजिस्टरवरून पत्ते काढून तालुक्याप्रमाणे यादी केली, एकेकाला फोन करून घरचे कुठे आहेत ते लिहून घेतलं. ते दोन तासांत झालं, कारण यादी होती. कागदपत्रांचा प्रश्न महिन्याने आला. गुणपत्रिका, जातीचे दाखले, सगळं चिखलात. कॉलेजच्या फाइलीतल्या सत्यप्रती स्कॅन करून दिल्या, मंडळाकडे दुय्यम प्रतीचे अर्ज एकगठ्ठा पाठवले. तेव्हापासून प्रवेशाच्या दिवशीच मुलांकडून डिजिलॉकर उघडून घेण्याचा माझा आग्रह. पोरं कंटाळतात, कंटाळू द्या.

अमेरिकेतली यादी

अमेरिकेत एसीपीए आणि नॅस्पा या विद्यार्थी सेवेतल्या लोकांच्या दोन संघटना आहेत. त्यांनी मिळून २०१५ मध्ये या व्यवसायासाठी लागणाऱ्या दहा क्षमतांची सुधारित यादी केली: नीतिमत्ता, कायदा आणि धोरण, मूल्यमापन, सामाजिक न्याय, तंत्रज्ञान, मुलांना आधार देणं वगैरे, आणि प्रत्येकीच्या तीन पायऱ्या. मी ती छापून स्वतःला गुण दिले होते. आधार देण्यात स्वतःला भरघोस दिले, मूल्यमापनात लाज वाटली. आपण किती मुलांना मदत केली ते सांगू शकतो, किती जणांपर्यंत पोचलोच नाही ते मोजत नाही. त्या वर्षी मी पहिल्या वर्षानंतर परत न आलेल्या मुलांची यादी काढायला लावली आणि प्रत्येक घरी फोन केले. त्या यादीत किती मुलींची लग्नं झाली होती, ते इथे लिहीत नाही. तुमच्या कॉलेजची यादी काढा म्हणजे कळेल.

त्या दहांत मेस नाही, हे मात्र खटकलं. कदाचित त्यांच्याकडे भाकरी परत टाकलेली कुणी बघत नसेल.

वाचनाचं म्हणाल तर आठवड्याला दोन तास शासन निर्णय वाचा, तेही शासनाच्या संकेतस्थळावरून. व्हॉट्सअॅपवर फिरणारा जीआर संगणक संकेतांक असल्याशिवाय मानू नका. एकदा असाच एक खोटा जीआर आमच्या सूचना फलकावर लागला होता. माझ्या सहीनिशी.

चार्ज देताना

बदली, निवृत्ती, नाहीतर नुसता रोटेशनचा नियम, खुर्ची सोडावी लागते. बहुतेक जण चार्ज यादीत कपाटं, खुर्च्या आणि ट्रॉफ्या लिहितात. तुम्ही चालू असलेली प्रकरणं लिहा, क्रमांक आणि पुढच्या तारखेसह. अंतर्गत समितीच्या बाहेरच्या सदस्याची मुदत कधी संपते ते लिहा. समुपदेशकाच्या प्रस्तावाची फाइल कुणाच्या टेबलावर आहे ते लिहा. मावशी कधी सुट्टीवर जातात आणि त्या वेळी मेसमध्ये कोण असतं तेही लिहा. मी निघाले त्या दिवशी माझ्या यादीत सतरा बाबी होत्या. सतरावी अशी: गच्चीच्या कुलपाच्या किल्ल्या, नग दोन. एक वॉचमनमामांकडे, एक या पाकिटात. तिसरी कुणीतरी नव्याने करून घेतली आहे, सापडलेली नाही, शोध चालू ठेवावा.